डाव मोडल्यावर काय उरतं? : गेम रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड

कॉम्प्युटरवर खेळलेला गेम रेकॉर्ड कशाने करावा, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नावांच्या यादीने दिलं जातं. ओबीएस, शॅडोप्ले, गेम बार, बँडिकॅम, स्टीम अशी नावं एकाखाली एक मांडायची, प्रत्येकापुढे सोयींच्या खुणा करायच्या आणि ज्याच्या खुणा जास्त त्याला पहिला नंबर द्यायचा. या पद्धतीत एक गफलत आहे. ती सगळ्या सोयी एकाच मापाने मोजते. रेकॉर्डरमध्येच व्हिडिओ कापता येतो, रंग उजळता येतात, कोपऱ्यात नाव टाकता येतं, हे सगळं चांगलंच. पण ही कामं रेकॉर्डिंग झाल्यावर आठवड्याने, महिन्याने, दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये बसूनही होतात. काही गोष्टी मात्र त्या घडीलाच साधाव्या लागतात. बटण दाबण्याआधीच घडून गेलेला क्षण, मध्येच गळालेल्या फ्रेम्स, गेमच्या आवाजात कायमचा मिसळलेला बोलण्याचा आवाज, वीज गेल्यामुळे न उघडणारी फाइल आणि चित्रावर उमटलेला कंपनीचा छाप, यांतलं काहीही मागाहून धड सुधारता येत नाही. गेम पुन्हा खेळता येतो, पण तोच डाव तसाच पुन्हा पडत नाही. तेव्हा जे नंतर दुरुस्त होऊ शकतं त्याला निवडीत जवळजवळ वजन देऊ नये, आणि जे दुरुस्त होत नाही त्यावरच सॉफ्टवेअर पारखावं. हा निकष लावला की यादी बरीच लहान होते आणि तिचा क्रमही बदलतो.

त्याआधी एक प्रश्न निकालात काढायला हवा: मुळात व्हिडिओच हवा का? १९९३मध्ये आलेल्या ‘डूम’मध्ये खेळ जतन करण्याची सोय होती, पण तिच्यात चित्राचा एक ठिपकाही साठवला जात नसे. सेकंदाला ३५ वेळा खेळाडूने कोणती हालचाल केली एवढंच ती फाइल टिपून ठेवी आणि पुढे गेमच त्या नोंदीवरून सगळा डाव पुन्हा खेळून दाखवी. १९९६च्या ‘क्वेक’मध्ये हीच सोय हाताशी धरून काही खेळाडूंनी ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ नावाची छोटी कथा रचली. गेमच्या इंजिनात केलेल्या चित्रपटांची सुरुवात तिच्यापासून मोजली जाते. आजही ‘डोटा २’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये डावाची नोंद अशी चित्राविनाच ठेवली जाते. ती फाइल व्हिडिओच्या मानाने फार लहान असते, आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हेही नंतर ठरवता येतं. म्हणजे नंतरच्या दुरुस्तीला सगळ्यात जास्त वाव या पद्धतीत आहे. तिची मेख एकच, पण मोठी आहे. ही नोंद गेमशिवाय मुकी असते. गेमला नवा अपडेट आला, एखाद्या शस्त्राचा नेम किंवा नकाशातली एक भिंत बदलली, की जुनी नोंद उघडत नाही किंवा भलताच डाव दाखवते. व्हिडिओला गेमची गरज उरत नाही. म्हणून आपल्याच चुका तपासायच्या असतील तर गेममधली नोंद पुरते. दुसऱ्याला दाखवायचं, पुरावा द्यायचा किंवा वर्षांनी पुन्हा पाहायचं असेल तर व्हिडिओला पर्याय नाही.

व्हिडिओची किंमत मात्र जबर असते, आणि ती कोण चुकवतं यातच या सॉफ्टवेअरचा सगळा इतिहास आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांची एक फ्रेम, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट्स, म्हणजे सुमारे ६२ लाख बाइट्स. सेकंदाला अशा ६० फ्रेम्स धरल्या तर सेकंदाला ३७३ एमबी आणि मिनिटाला २२ जीबीहून अधिक. एवढं लिहून घेणं साध्या हार्डडिस्कच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून दाबून लहान करणं, म्हणजे एन्कोडिंग, आलंच. १९९९मध्ये आलेल्या फ्रॅप्सने हे काम प्रोसेसरकडून करून घेतलं. प्रोसेसर आधीच गेम चालवण्यात गुंतलेला, त्यामुळे फ्रॅप्स चित्र जेमतेम दाबी आणि प्रचंड मोठ्या फाइल्स डिस्कवर ओती. एका पिढीने स्क्रीनच्या कोपऱ्यातला त्याचा फ्रेम्सचा पिवळा आकडा पाहत गेम खेळले. पण २०१३नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. तोवर काम दुसरीकडे गेलं होतं. २०११मध्ये इंटेलने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात क्विक सिंक नावाची एन्कोडिंगची वेगळी यंत्रणा बसवली. २०१२च्या एनव्हिडिया कार्डांमध्ये एनव्हीएन्क ही तशीच यंत्रणा आली आणि २०१३च्या ऑक्टोबरात शॅडोप्लेने ती सामान्य खेळाडूच्या हाती दिली. एएमडीच्या कार्डांतही तशी सोय झाली. ही यंत्रणा चिपचा एक राखीव कोपरा असते. गेमचं चित्र रंगवणाऱ्या भागाशी तिची फारशी ओढाताण होत नाही. सेकंदाला ५० मेगाबिटच्या बिटरेटने, म्हणजे डोळ्याला सहसा फरक जाणवणार नाही इतक्या उदार मापाने रेकॉर्ड केलं तरी तासाला साधारण २२ जीबी लागतात. न दाबलेल्या चित्राचं एक मिनिट जेवढी जागा खातं, तेवढ्यात आता एक तास मावतो.

या बदलाचा अर्थ निवड करणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवा. चित्राचा दर्जा आता सॉफ्टवेअर ठरवत नाही, चिप ठरवते. एकाच कार्डावर, एकाच कोडेकमध्ये (दाबण्याच्या एकाच पद्धतीत), त्याच बिटरेटला आणि त्याच सेटिंग्जवर ओबीएसने रेकॉर्ड केलं काय आणि विकतच्या एखाद्या सॉफ्टवेअरने केलं काय, दाबण्याचं काम तीच यंत्रणा करते. ‘आमचं रेकॉर्डिंग अधिक स्पष्ट’ ही जाहिरात त्यामुळे बरीचशी पोकळ ठरते. फरक दिसलाच तर तो बहुधा आधीपासून लावून ठेवलेल्या बिटरेटचा असतो. हार्डवेअर विकत घेताना मात्र याच गोष्टीचं महत्त्व वाढतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘एफ’ अक्षर असतं, ते थोडे स्वस्त मिळतात म्हणून असेंबल केलेल्या मशीनमध्ये सर्रास बसवले जातात. पण त्यांत ग्राफिक्सचा भाग बंद असतो, म्हणून क्विक सिंकही नसतं. उलट वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही इंटेलच्या चिपमुळे रेकॉर्डिंग जमून जातं. दर्जाचा प्रश्न असा चिपवर सोपवला, की सॉफ्टवेअरची पारख करायला पाच गोष्टी उरतात: क्षण निसटू न देणं, चित्र कुठून उचलायचं, फ्रेम्स न गाळणं, आवाज वेगळे ठेवणं आणि फाइल धडपणे हाती देणं.

पहिली गोष्ट क्षणाची. खेळातला नोंदण्याजोगा प्रसंग सांगून येत नाही. तो घडून गेल्यावरच कळतो. म्हणून ‘रेकॉर्ड’ बटण दाबल्यावर सुरू होणारं सॉफ्टवेअर या कामी मुळातच उशिरा पोचतं. शॅडोप्लेने सुरुवातीलाच दिलेलं उत्तर असं होतं: मागची काही मिनिटं सतत साठवत राहायची, जुनं पुसत जायचं आणि खेळाडूने बटण दाबलं की तेवढा तुकडा जपून ठेवायचा. एनव्हिडियात हा मागोवा वीस मिनिटांपर्यंत नेता येतो. एएमडीने २०१६च्या डिसेंबरात आपल्या ड्रायव्हरमध्ये रिलाइव्ह आणलं, त्यातही ही सोय आहे. विंडोजच्या गेम बारमध्ये पंधरा सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंत मागे जाता येतं. ओबीएसमध्येही ‘रिप्ले बफर’ आहे, पण तो स्वतः आठवणीने सुरू करावा लागतो आणि तो मेमरीत साठवतो. ५० मेगाबिटने पाच मिनिटं ठेवायची तर जवळपास दोन जीबी रॅम अडकते. आठ जीबीच्या मशीनवर हा हिशेब दुर्लक्षून चालत नाही. २०२४च्या नोव्हेंबरात सर्वांसाठी खुलं झालेलं स्टीमचं रेकॉर्डिंग याच कल्पनेला आणखी पुढे नेतं: पार्श्वभूमीत चालणाऱ्या रेकॉर्डिंगला ते एक काळरेषा देतं, आणि ज्या गेमने तशी व्यवस्था केली आहे त्यात कुणाला मारलं, कधी हरलो अशा घटनांच्या खुणा त्या रेषेवर आपोआप उमटतात. निसटता क्षण पकडायचा असेल तर या घटकेला स्टीमचं साधन सगळ्यात कमी कष्टाचं आहे. मात्र त्याचं रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत साठतं. बाहेर न्यायचा भाग एमपी४ म्हणून काढून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअर चित्र उचलतं कुठून. एक मार्ग संपूर्ण स्क्रीन टिपण्याचा. तो सोपा असतो, पण स्क्रीनवर जे येईल ते सगळं त्यात येतं. ऐन रंगात आलेल्या डावावर बँकेचा ओटीपी किंवा घरचा मेसेज झळकला तर तोही कायमचा चित्रात बसतो. दुसरा मार्ग गेमच्या आत शिरून, त्याने रंगवलेली फ्रेम ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतच उचलण्याचा. ओबीएसचं ‘गेम कॅप्चर’ असं चालतं. ते वेगवान असतं आणि गेमशिवाय दुसरं काही टिपत नाही. पण परक्या सॉफ्टवेअरने गेमच्या आत शिरणं हे फसवेगिरीच्या सॉफ्टवेअरसारखंच दिसतं, आणि इथे रेकॉर्डिंग करणारा खेळाडू आणि फसवेगिरी रोखणारी यंत्रणा समोरासमोर येतात. २०२०च्या जुलैत व्हॉल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ‘ट्रस्टेड मोड’ आणला तेव्हा ओबीएसचं गेम कॅप्चर त्यात अडलं. गेम सुरू करताना बाहेरच्या सॉफ्टवेअरला मुभा द्यावी, नाहीतर खिडकी किंवा स्क्रीन टिपण्याचा मार्ग धरावा, असे दोनच पर्याय खेळाडूंपुढे राहिले. गेमिंगच्या लॅपटॉपवर आणखी एक अडचण असते. त्यात सहसा दोन ग्राफिक्स चिप असतात. गेम एकीवर आणि रेकॉर्डर दुसरीवर चालत असेल, तर तासाभराने हाती नुसता काळा पडदा लागतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रेकॉर्डरला योग्य चिप नेमून दिली की हे मिटतं. कार्डाच्या कंपनीची साधनं ड्रायव्हरशी घट्ट जोडलेली असल्यामुळे या दोन्ही भानगडींत कमी सापडतात, आणि हे त्यांचं खरं बलस्थान आहे. गेम बार तर विंडोजमध्येच असतो. पण तो डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर टिपत नाही, त्यामुळे गेमसोबत नकाशा किंवा मॉडचं फोल्डर दाखवायचं असेल तर तो कामाचा नाही.

तिसरी गोष्ट फ्रेम्सची. सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात गेमने चित्र रंगवायचं, रेकॉर्डरने ते उचलायचं आणि चिपने दाबायचं. एन्कोडिंगचा कोपरा राखीव असला तरी फ्रेम उचलून मांडण्याचं काम कार्डाच्या मुख्य भागालाच करावं लागतं, आणि गेमने कार्ड शंभर टक्के व्यापलं असेल तर रेकॉर्डरच्या वाट्याला वेळच उरत नाही. अशा वेळी गेम खेळताना सुरळीत दिसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये अडखळतो. ही चूक डाव संपल्यावरच कळते. यावर उपाय गेमला वेसण घालण्याचा आहे: फ्रेम्सची कमाल मर्यादा ठरवून द्यायची, म्हणजे कार्डाला थोडी उसंत राहते. सॉफ्टवेअर निवडताना पाहायचं ते हे, की फ्रेम्स गळत असल्याचं ते सांगतं का. ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत रंगवण्याच्या दिरंगाईने किती फ्रेम्स हुकल्या आणि एन्कोडिंगच्या दिरंगाईने किती, हे वेगवेगळं दिसतं, त्यामुळे दोष कुठे आहे ते रेकॉर्डिंग चालू असतानाच कळतं. दुसरा मुद्दा वेग स्थिर ठेवण्याचा. ओबीएस ठरलेल्या स्थिर वेगाने फाइल बनवतं; ड्रायव्हरसोबत येणाऱ्या साधनांच्या फाइल्समध्ये फ्रेम्सचा वेग बऱ्याचदा कमी-जास्त होत राहतो. नुसतं पाहताना हे लक्षात येत नाही, पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्यावर अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटू लागतो. गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या स्पर्धांमध्ये तर फ्रेम मोजून निकाल लावतात. तिथे अस्थिर वेगाची फाइल पुरावा म्हणूनच लंगडी पडते.

चौथी गोष्ट आवाजाची, आणि नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. चित्र थोडं धूसर असलं तरी प्रेक्षक चालवून घेतात. पण बंदुकीच्या गदारोळात बुडालेलं बोलणं कुणी दोन मिनिटंसुद्धा ऐकत नाही. गेमचा आवाज, माइक आणि मित्रांशी चाललेल्या गप्पा एकाच ट्रॅकवर उतरल्या तर त्या पुन्हा नीट सुट्या करता येत नाहीत. खिचडीतून डाळ-तांदूळ वेगळे काढावेत तसं ते काम. गेम बार सगळं एकत्रच देतो. शॅडोप्ले माइकचा ट्रॅक वेगळा ठेवू शकतं. ओबीएसमध्ये सहा ट्रॅक मिळतात, आणि २०२२च्या २८व्या आवृत्तीपासून विंडोजवर एकेका प्रोग्रॅमचा आवाज स्वतंत्रपणे पकडता येतो, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या गप्पा वेगळ्या आणि गेम वेगळा. हा मुद्दा हक्कांशीही जोडलेला आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा संगीत ओळखते. पार्श्वभूमीला लावलेलं गाणं बोलण्यात मिसळलं असेल, तर ते काढताना बोलण्यालाही धक्का लागू शकतो. खुद्द गेममध्ये वाजणारं संगीत मात्र कोणताही रेकॉर्डर वेगळा करून देऊ शकत नाही. ते गेमच्या सेटिंगमध्येच बंद करावं लागतं. मॅकवर आवाजाची कथा वेगळी होती. क्विकटाइमने स्क्रीन सहज टिपता येई, पण मशीनच्या आतला आवाज येत नसे, म्हणून ब्लॅकहोलसारखी आवाज वळवणारी जोडसाधनं बसवावी लागत. अॅपलने २०२२मध्ये स्क्रीन टिपण्याची नवी व्यवस्था दिली आणि ओबीएसने ती उचलली, तेव्हा हा त्रास बराच ओसरला. लिनक्सवर अडचण चित्राची होती. वेलँड ही नवी पडदाव्यवस्था आल्यावर जुने मार्ग बंद पडले, आणि २०२१च्या २७व्या आवृत्तीत ओबीएसने पाइपवायरमार्फत तिथेही वाट काढली.

पाचवी गोष्ट, डाव संपल्यावर हाती येणारी फाइल. एमपी४ सगळीकडे चालते म्हणून तीच निवडण्याची सवय आहे. पण साध्या एमपी४मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज गेली, गेमने मशीन गोठवलं किंवा डिस्क भरली, तर दोन तासांची फाइल जागेवर दिसते पण उघडत नाही. लोडशेडिंग अंगवळणी पडलेल्या आपल्याकडे, इन्व्हर्टर नसलेल्या घरात, ही शक्यता दूरची नाही. एमकेव्ही फाइल जिथवर लिहिली गेली तिथवर शाबूत राहते, आणि नंतर दर्जाला धक्का न लावता काही क्षणांत तिची एमपी४ करता येते. ओबीएसमध्येच ती सोय आहे. २०२४च्या ३०.२ आवृत्तीत ओबीएसने संकरित एमपी४ आणलं; त्यात रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांनी सुरक्षित होत जातं आणि शेवटी नेहमीची एमपी४ मिळते. विकतच्या सॉफ्टवेअरचा प्रश्नही याच कसोटीत येतो. बँडिकॅमची फुकट आवृत्ती चित्रावर आपलं नाव उमटवते आणि दहा मिनिटांनंतर रेकॉर्डिंग थांबवते. पैसे भरले की पुढच्या फाइल्सवर ते नाव येत नाही, पण आधीच्या फाइल्सवरचं जात नाही. बँडिकॅम किंवा मिरिलिसचं ‘अॅक्शन’ वाईट आहेत असं नाही. त्यांची मांडणी सुटसुटीत आहे, आणि सुटसुटीतपणासाठी पैसे मोजणं गैर नाही. पण ‘आधी फुकट वापरून पाहू, आवडलं तर घेऊ’ हा एरवीचा व्यवहारी सल्ला इथे उलटा पडतो, कारण पहिलाच चांगला डाव छाप्याखाली जातो.

या पाच कसोट्यांवर ओबीएसचं पारडं जड होतं, हे दिसतंच आहे. त्यावर पहिला आक्षेप येतो तो क्लिष्टतेचा, आणि तो खरा आहे. २०१२मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मुळात थेट प्रक्षेपणासाठी घडलं. त्यामुळे ‘सीन’ आणि ‘सोर्स’ यांची स्टुडिओतली परिभाषा, दोन-दोन बिटरेट, एन्कोडरांची लांबलचक यादी हे सगळं नुसतं रेकॉर्ड करू पाहणाऱ्याच्याही गळ्यात पडतं. पण सेटिंग्ज अनेक असल्या तरी ठरवाव्या लागतात त्या मोजक्या: चित्र कुठून घ्यायचं, एन्कोडर हार्डवेअरचा आहे ना, फाइलचा प्रकार, आवाजाचे ट्रॅक आणि साठवण्याची जागा. हे एकदा बसवायचं असतं. त्यानंतरचं रोजचं काम एका बटणाचं. त्यातूनही ज्याला महिन्यातून एखादा मजेदार प्रसंग मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा आहे, त्याने ही खटपट करू नये. त्याच्यासाठी क्षण निसटू न देणं एवढीच कसोटी खरी, आणि तिला गेम बार, स्टीम किंवा कार्डासोबत आलेलं साधन पुरेसं आहे. आवाज एकत्र झाला काय, वेग थोडा डळमळला काय, त्याचं काही अडत नाही. दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी सगळ्यांना सारख्याच भोवत नाहीत, एवढी सूट या निकषात धरलेलीच आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: हार्डवेअरने दाबलेलं चित्र प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरच्या तोडीचं नसतं. कमी बिटरेटला हे बरंच खरं होतं, आणि सुरुवातीच्या चिपांबाबत तर फारच. पण हा वाद थेट प्रक्षेपणातून आलेला आहे. तिथे ट्विचसारख्या ठिकाणी सहा हजार किलोबिटच्या आसपास मर्यादा असते आणि प्रत्येक बिट जपून वापरावा लागतो. रेकॉर्डिंगला अशी मर्यादा नाही. डिस्कवर जागा आहे तोवर बिटरेट वाढवता येतो, आणि वाढवला की दोहोंतला फरक डोळ्याला दिसेनासा होतो. त्याहून बरं म्हणजे बिटरेट बांधून न देता दर्जा बांधून द्यावा. मग धावपळीच्या दृश्याला एन्कोडर आपोआप जास्त जागा घेतो आणि मेनूच्या स्थिर पडद्याला कमी. यूट्यूब १०८० ओळींच्या, ६० फ्रेम्सच्या व्हिडिओसाठी १२ मेगाबिटची शिफारस करतं, पण चढवलेली फाइल ते पुन्हा एकदा दाबतं. म्हणून मूळ फाइल या आकड्याहून बरीच श्रीमंत असावी. दरम्यान चिपाही सुधारल्या. २०१८च्या ट्युरिंग पिढीत एनव्हिडियाचा एन्कोडर स्पष्टपणे पुढे गेला, आणि २०२२पासून इंटेलच्या आर्क, एनव्हिडियाच्या ४० मालिकेच्या आणि एएमडीच्या ७००० मालिकेच्या कार्डांत एव्ही१ हा नवा कोडेक आला. एक्स२६४ला आजही जागा आहे, पण ती मागाहून होणाऱ्या कामात. संपादन झालेला व्हिडिओ पाठवण्याआधी रात्रभर हळू दाबता येतो. चालू डावात प्रोसेसरवर तो भार टाकला तर फ्रेम्स गळतात, आणि गळलेली फ्रेम कोणत्याही दर्जाने परत मिळत नाही.

तिसरा आक्षेप भरवशाचा. फुकटच्या सॉफ्टवेअरमागे जबाबदार कोण, कंपनीची वस्तू बरी नाही का? इतिहास पाहिला तर उत्तर उलटं येतं. शॅडोप्ले ज्यातून मिळे त्या एनव्हिडियाच्या जीफोर्स एक्स्पिरियन्सने २०१६मध्ये लॉगिन सक्तीचं केलं आणि २०२४मध्ये ते सॉफ्टवेअरच नव्या अॅपने बदलून टाकलं. नव्यात लॉगिनची सक्ती राहिली नाही, पण हे दोन्ही निर्णय वापरणाऱ्यांच्या हातात नव्हते. एएमडीने रिलाइव्हच्या आधी रॅप्टर या कंपनीच्या साधनावर भिस्त ठेवली होती. त्या कंपनीचं क्लिप्स साठवणारं प्लेज टीव्ही २०१९च्या डिसेंबरात बंद झालं, आणि ज्यांनी आपल्या क्लिप्स वेळीच उतरवून घेतल्या नाहीत त्यांच्या त्या गेल्या. ओबीएस जीपीएल परवान्याखाली आहे. त्याचा कोड खुला असल्याने मूळ मंडळी उद्या थांबली तरी दुसरे ते पुढे नेऊ शकतात. या खुलेपणाला दुसरी बाजूही आहे. त्याच कोडवर बेतलेल्या स्ट्रीमलॅब्सच्या सॉफ्टवेअरने नावात ओबीएस वापरलं म्हणून २०२१मध्ये जाहीर वाद झाला आणि शेवटी ते नाव बदललं गेलं. म्हणून उतरवून घेताना सॉफ्टवेअर मूळ प्रकल्पाच्याच ठिकाणाहून घ्यावं. भरवशाची खरी खूण कंपनीचं नाव नसून फाइल कुठे राहते ही आहे. ती स्वतःच्या डिस्कवर, कुठेही उघडणाऱ्या स्वरूपात असेल तर सॉफ्टवेअर बंद पडलं तरी बिघडत नाही.

कॅप्चर कार्ड हाच खरा उपाय, असंही काहीजण म्हणतात. गेम एका मशीनवर आणि रेकॉर्डिंग दुसऱ्यावर झालं की गेमवर भार पडत नाही, गेम बंद पडला तरी रेकॉर्डिंग चालू राहतं, आणि कन्सोलचं चित्र कॉम्प्युटरवर आणायला तर तीच सरळ वाट आहे. पण एका मशीनवरच्या खेळासाठी तो खर्च आता क्वचितच वसूल होतो, कारण भार हलका करण्याचं काम ग्राफिक्स कार्डातला राखीव कोपरा आधीच करतो. शिवाय दुसऱ्या मशीनवरही रेकॉर्डर लागतोच. तेव्हा निवडीचा प्रश्न सुटत नाही, नुसता शेजारच्या टेबलावर जातो.

तर हिशेब असा लागतो. प्रसंग टिपणाऱ्याला मागोवा ठेवणारं साधन हवं: स्टीमवर खेळत असेल तर स्टीमचं, नाहीतर कार्डाचं, तेही नसेल तर गेम बार. बोलत बोलत गेम दाखवणाऱ्याला, शिकवणाऱ्याला किंवा पुढे एडिट करणाऱ्याला ओबीएस: हार्डवेअर एन्कोडर, एमकेव्ही किंवा संकरित एमपी४ आणि आवाजाचे वेगळे ट्रॅक. दोन्ही कामं करणाऱ्याने दोन्ही साधनं ठेवावीत. पण एकाच वेळी चालवायची असतील तर आपल्या मशीनला ती पेलतात का, हे आधी पाहावं. ते कळण्याचा मार्ग आपल्या नाटकवाल्यांना जुना ठाऊक आहे. पहिल्या प्रयोगाआधी ते रंगीत तालीम करतात, कारण वेशभूषेतली आणि दिव्यांतली चूक कागदावरची संहिता वाचून सापडत नाही. इथेही ज्या गेमचं रेकॉर्डिंग करायचं आहे त्याचा सगळ्यात धामधुमीचा प्रसंग निवडून दोन मिनिटं रेकॉर्ड करावं. मग फाइल उघडून पाहावं: पडदा काळा तर नाही, एकेक ट्रॅक बंद केला की त्या-त्या ट्रॅकचाच आवाज जातो ना, आकडेवारीत गळलेल्या फ्रेम्स शून्याच्या जवळ आहेत ना, कोपऱ्यात कुणाचा छाप नाही ना. शेवटी रेकॉर्डिंग चालू असताना टास्क मॅनेजरमधून रेकॉर्डरच बंद पाडावा आणि उरलेली फाइल उघडते का ते बघावं. या दोन मिनिटांत जे सॉफ्टवेअर टिकेल ते आपल्या मशीनसाठी योग्य. जे टिकणार नाही, त्याने निदान असा डाव गमावला जो गमावायलाच मांडला होता.